पिल्लाच्या हृदयात ‘मर्मर’: घाबरू नका, पण झाकूही नका

गेल्या महिन्यात एका सोमवारी अंबाडी नाक्यावरच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. भिवंडीच्या एका गोदामात ते हिशेबाचे काम करतात. मुलीच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता. खोक्यात जुनी ओढणी अंथरून त्यावर पर्शियन जातीचे एक पिल्लू ठेवलेले होते. चपटे नाक, कापसासारखे अंग, वय साधारण दहा आठवडे. वाढदिवसाला मुलीने हट्ट धरला म्हणून आठ दिवसांपूर्वीच ते विकत आणले होते. आज फक्त लस टोचायची होती.

लस टोचण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे छातीला स्टेथास्कोप लावला. पिल्लू घुरघुरत होते, त्यामुळे काही ऐकू येईना. अशा वेळी आम्ही एक साधी युक्ती करतो. जवळचा नळ थोडा सोडतो. पाण्याचा आवाज आला की बहुतेक मांजरे घुरघुर थांबवून कान टवकारतात. तसे झाले आणि मला ठोक्यांच्या मध्ये एक बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज ऐकू आला. मी वडिलांना सांगितले, “पिल्लाच्या हृदयात मर्मर आहे.”

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “म्हणजे माल खराब निघाला म्हणायचा का, डॉक्टर? बदलून देईन असं तो विकणारा म्हणालाय. उद्याच परत करतो.” मुलीने काही न बोलता खोका छातीशी धरला.

वाचकहो, या एका वाक्यावर आज लिहावेसे वाटले. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात जातिवंत मांजरे पाळण्याची हौस वाढली आहे. पूर्वी माझ्याकडे गाई, म्हशी, बैल आणि शेळ्या येत. आता वाडा, वज्रेश्वरी, गणेशपुरीकडूनही पर्शियन मांजरांच्या पिशव्या येतात. हौसेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘मर्मर’ हा शब्द ऐकताच लोक एकतर हबकून जातात, नाहीतर ‘काही नसतं हो त्यात’ म्हणून सोडून देतात. दोन्ही चूकच.

मर्मर म्हणजे काय?

मर्मर हा आजार नाही. तो एक आवाज आहे. हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला असला तरी आपल्याकडे संस्कृतातही पानांच्या सळसळीला मर्मरच म्हणतात. माणसाप्रमाणेच मांजराच्या हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडपा मिटताना ‘लब्-डब’ असे दोन आवाज होतात. मधल्या वेळात रक्त वाहते ते निमूटपणे. शेताच्या पाटातले पाणी सरळ वाहते तेव्हा आवाज होत नाही. वाटेत दगड आला, पाट अरुंद झाला किंवा पाणी पातळ आणि वेगाने सुटले की खळखळ होते. रक्ताचेही तसेच आहे. ही खळखळ म्हणजे मर्मर.

तिची मोजदाद सहा पायऱ्यांत करतात. अमेरिकेतील डॉ. सॅम्युअल लीव्हाइन यांनी १९३३ साली ही पद्धत माणसांसाठी रूढ केली आणि आम्ही पशुवैद्यही तीच वापरतो. पहिल्या पायरीचा आवाज शांत खोलीत बराच वेळ कान दिल्यावर कळतो. पाचव्या-सहाव्या पायरीला छातीवर हात ठेवला तरी थरथर जाणवते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आवाज किती मोठा यावरून आजार किती मोठा हे मांजरात ठरत नाही. मोठा आवाज असून मांजर ठणठणीत असू शकते आणि काहीच आवाज नसताना हृदय बिघडलेले असू शकते.

पिल्लात हा आवाज का येतो?

याची चार मुख्य कारणे सांगता येतील.

पहिले कारण निरुपद्रवी. वाढत्या वयात काही पिल्लांच्या हृदयात हलका, पहिल्या-दुसऱ्या पायरीचा मर्मर ऐकू येतो आणि चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत तो आपोआप नाहीसा होतो. लहान मुलांतही असे निरुपद्रवी मर्मर पुष्कळ आढळतात.

दुसरे कारण हृदयाच्या बाहेरचे. पिल्लाच्या अंगावर पिसवा असतील, पोटात जंत असतील तर रक्तक्षय होतो. रक्त पातळ झाले, हृदय जोरात चालू लागले की खळखळ सुरू होते. तापात किंवा भीतीने धडधड वाढली तरी असे घडते. पिसवांनी बेजार झालेले लहान पिल्लू केवळ रक्त कमी होऊन दगावू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. येथे एक इशारा देतो. गुरांच्या किंवा कुत्र्यांच्या गोचिडांवरचे औषध घरात आहे म्हणून मांजराला लावू नका. त्यातली काही औषधे मांजराला जीवघेणी ठरतात.

तिसरे कारण जन्मजात दोष. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असणे, झडप नीट न बनणे, जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहणे वगैरे. हे दोष तसे कमी आढळतात. त्यातलाही बारीक भोकाचा दोष घेऊन काही मांजरे पूर्ण आयुष्य जगतात.

चौथे कारण हृदयाच्या स्नायूचे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी असे त्याचे लांबलचक नाव आहे. यात हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. मोठ्या मांजरात ही भिंत ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली की आम्हाला शंका येते. भिंत जाड झाली की कप्प्यात रक्त मावत नाही, मागे फुफ्फुसात दाब वाढतो आणि पाणी साठते. कधी हृदयात रक्ताची गुठळी बनते आणि ती मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकते. अशा वेळी चांगले खेळणारे मांजर एकाएकी किंचाळते, मागचे पाय लुळे आणि थंड पडतात. लोक म्हणतात साप चावला, लकवा मारला. मूळ मात्र हृदयात असते.

ब्रिटनमध्ये बेवारस मांजरांच्या आश्रयस्थानांतील ७८० वरवर निरोगी मांजरे तपासून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात सुमारे ४१ मांजरांना मर्मर होता, परंतु भिंत जाड होण्याचा आजार शंभरात सुमारे १५ मांजरांनाच होता. याचा अर्थ मर्मर असलेली बहुसंख्य मांजरे आजारी नव्हती. पण शंभरात पंधरा हा आकडाही काही थोडा नव्हे.

दूध-भाताचे हृदय

आमच्या भागात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. घर शाकाहारी असते, मांजर हौसेचे असते आणि त्याला दूध-भात, दूध-पोळी यांवर वाढवले जाते. मांजर मूळचे मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक ते आपल्या शरीरात पुरेसा बनवू शकत नाही. तो मांसात आणि मासळीत असतो. भात-पोळीत तो नसतो आणि दुधातून पुरेसा मिळत नाही. तो कमी पडला की हृदयाचा स्नायू ढिला पडतो आणि हृदय फुग्यासारखे ताणले जाते. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॉ. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध केले आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवण्यात आले. वेळीच ध्यानात आले तर हे हृदय बरेचसे सुधारते, हा त्यातला दिलासा. घरी मांस-मासळी शिजत नसेल तर मांजरांसाठीचे चांगले तयार खाद्य द्यावे. चिकन उकडून देत असाल तर उकडलेले पाणी फेकू नका, त्यात टॉरिन उतरलेले असते. आणि तेही जमणार नसेल तर मांजर पाळण्याचा विचार सोडावा, असे मी स्पष्ट सांगतो. यात कोणाच्या आचारधर्माचा अवमान नाही. ज्याचे पोट जसे, त्याला तसे अन्न.

माझी चूक

आता एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. सात-आठ वर्षांपूर्वी पाच महिन्यांचा एक पर्शियन बोका लसीसाठी माझ्याकडे आला होता. मला हलका मर्मर ऐकू आला. मालकांना घाई होती, बाहेर रिक्षा उभी होती. मी मनाशी म्हटले, मोठा होईल तसा जाईल. मालकांना बोललो नाही आणि लसीच्या कार्डावरही लिहिले नाही. पुढे वर्षभराने ते कुटुंब दुसऱ्या गावी राहायला गेले. तेथे बोक्याची नसबंदी झाली. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, पण त्या रात्री त्याला धाप लागली आणि पहाटे तो गेला. मालकीणबाईंनी मला फोन करून विचारले, “डॉक्टर, तुम्ही तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं ना?”

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? शवविच्छेदन झाले नव्हते, त्यामुळे हृदयामुळेच तो गेला असे मला म्हणता येणार नाही. पण भूल देणाऱ्याला मर्मरची कल्पना असती तर त्याने आधी हृदयाची तपासणी मागितली असती, भुलीचे औषध वेगळे निवडले असते, सलाइन बेताने सोडले असते. भुलीची काही औषधे हृदयाची गती वाढवतात आणि जाड भिंतीच्या हृदयाला ती सोसत नाहीत. सलाइन जास्त झाले तर फुफ्फुसात पाणी होते. दोष त्या डॉक्टरांचा नव्हता. जे त्यांना कळायला हवे होते ते माझ्या कानात राहून गेले होते.

तेव्हापासून मी ऐकलेला प्रत्येक मर्मर कार्डावर लिहितो: तारीख, वजन, ठोके, पायरी. माझ्या व्यवसायबंधूंनाही माझी हीच विनंती आहे. मालक घाबरेल म्हणून गप्प बसू नका. घाबरलेल्या माणसाला समजावता येते. अंधारात ठेवलेल्या माणसाला नंतर समजावता येत नाही.

घंटा कोणी बांधायची?

माझा खरा आक्षेप मात्र विक्रीच्या पद्धतीवर आहे. जातिवंत मांजरांत ठरावीक रूप टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात पैदास होते. त्यात रूपाबरोबर दोषही पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. मेन कून जातीत हृदयाच्या या आजाराशी निगडित जनुकातला बदल २००५ साली सापडला, तर रॅगडॉल जातीत २००७ साली. या दोन जातींत गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन चाचणी करता येते. आपल्याकडे अधिक दिसणाऱ्या पर्शियन मांजरांसाठी हृदयाच्या या आजाराची तशी भरवशाची जनुकीय चाचणी नाही. तेथे आई-बापांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, हाच मार्ग आहे आणि पैदाशीच्या मांजरात ती पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण आजार मोठेपणीही उद्भवतो. गावठी मांजरांना हा आजार होत नाही असे मात्र कोणी समजू नये. त्यांनाही होतो.

कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले आणि दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक झाली. पण घराच्या गच्चीवर चार भाटी आणि एक बोका ठेवून वर्षभर पिल्ले विकणाऱ्याच्या हृदय तपासणीची चौकशी कोण करते? तो डोळे मिटून दूध पितो आणि आपणही केसांचा रंग पाहून पैसे मोजतो. कायदा यायचा तेव्हा येईल. मांजराच्या गळ्यात घंटा गिऱ्हाइकाने बांधायची आहे. पिल्लू घेताना विकणाऱ्याला विचारा: याची आई दाखवाल का? आई-बापांचा इको झाला आहे का? पिल्लाची छाती पशुवैद्याने ऐकून लेखी दिली आहे का? यावर ‘आजवर कोणी विचारलं नाही’ असे उत्तर आले तर घरी परतावे. चार गिऱ्हाइके अशी परतली की पाचव्यासाठी कागद तयार होईल.

आणि ‘बदलून देतो’ या बोलीला भुलू नये. परत गेलेल्या पिल्लाचे पुढे काय होते? ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला काही न सांगता विकले जाते, नाहीतर मोठे झाल्यावर पैदाशीलाच लावले जाते. म्हणजे दोष संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जातो.

काही वाचक म्हणतील, माणसांच्या मुलांना इको मिळताना मारामार आणि डॉक्टर मांजराचे काय घेऊन बसलात! हे मला मान्य आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरमधून सुरू झाला. जन्मजात हृदयदोष शोधणे हे त्याचे एक काम आहे. अंगणवाडीत, शाळेत तपासणीचे पथक येते तेव्हा आपल्या मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका, हे मी याच सदरात आवर्जून सांगतो. पण एकाची काळजी घेतली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. जी मुलगी पिल्लाच्या छातीकडे लक्ष देते ती उद्या आपल्या धाकट्या भावाला धाप लागली तरी ओळखेल.

मग करायचे काय?

मर्मर आहे असे कळल्यावर प्रथम पिल्लाच्या हिरड्या पाहाव्यात. त्या पांढुरक्या असतील तर रक्त तपासून घ्यावे, वजनानुसार जंताचे औषध द्यावे, पिसवा काढाव्यात, आहार सुधारावा. पिल्लू खेळते आहे, वाढते आहे आणि आवाज हलका आहे, तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ऐकावे आणि सहा महिन्यांपर्यंत ऐकत राहावे. आवाज मोठा असेल, पिल्लू खुरटलेले असेल, धापा टाकत असेल, किंवा सहा महिन्यांनंतरही आवाज राहिला असेल तर इको करून घ्यावा. नसबंदीची घाई त्याआधी करू नये. इकोची सोय आमच्यासारख्या गावात नाही. परळला १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ठाणे-मुंबईत खासगी दवाखाने आहेत. आधी फोन करून सोय आणि खर्च विचारूनच निघावे, म्हणजे वाडा रोडचे खड्डे खाऊन हात हलवत परत यायला नको.

घरी करण्यासारखे एक काम फुकटचे आहे. मांजर गाढ झोपलेले असताना घड्याळ लावून एक मिनिट त्याचे श्वास मोजा. छाती वर-खाली झाली की एक. निरोगी मांजराचे हे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतात. दोन-तीन वेळा मोजूनही तिसाच्या वर जात असतील तर डॉक्टरांना कळवा. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा जीभ निळसर दिसत असेल तर वाट न पाहता न्या. आणि माणसांची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनेही ते मरू शकते.

ज्या मांजराचा मर्मर टिकून आहे आणि ज्याचा इको झालेला नाही, त्याची पिल्ले घेऊ नयेत. इतके पथ्य प्रत्येक मालकाने पाळले तरी पुढच्या पिढीचे पुष्कळ भले होईल.

असो. त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले. पिल्लाच्या हिरड्या फिकट होत्या आणि पोट जंतांनी टम्म होते. औषधे दिली आणि दूध-भात बंद करायला सांगितला. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “महिनाभर बघू या.” परवा ती दोघे पुन्हा आली. हिरड्या गुलाबी झाल्या आहेत, वजन वाढले आहे. आवाज अजून आहे, पण दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर उतरला आहे. तो जाईल की राहील हे मी आज सांगू शकत नाही आणि तसे मी त्यांना सांगितलेही. मुलीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर रोजचे श्वास लिहून आणले होते: २४, २६, २२, २५. मी ते आकडे कार्डावर उतरवून घेतले आणि पुढची तारीख दिली. परत देण्याचा विषय कोणी काढला नाही.